खंड्याचे टॉनिक

माझ्या खोलीतील भिंतीतल्या कपाटाला दोन खण आहेत. वरच्या खणात माझी औषधे असतात आणि खालच्या खणात खंड्याची. खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. वाटणी अशी स्पष्ट असली, तरी दोन भाऊबंदांच्या शेतातल्या बांधाप्रमाणे ती अधूनमधून सरकते. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी चष्मा न लावताच मी कपाटात हात घातला, हाताला लागली ती गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यालो. चव काही निराळीच लागली. मागाहून चष्मा लावून डबा पाहिला, तो त्याच्यावर जीभ बाहेर काढून हसणाऱ्या एका गुबगुबीत कुत्र्याचे चित्र!

त्या दिवशी मी स्वतःवर बारीक नजर ठेवून होतो. भुंकावेसे वाटले नाही. पोस्टमन आला तेव्हाही मनात काही वावगे आले नाही. गुडघा मात्र रोज दुखतो तेवढाच दुखत राहिला. संध्याकाळी कुतूहलाने मी माझी बाटली आणि खंड्याचा डबा शेजारी शेजारी ठेवून दोहोंवरचा बारीक मजकूर वाचला. दोहोंत तेच ग्लुकोसामीन आणि तेच कॉन्ड्रॉइटिन. फरक इतकाच, की त्याची गोळी चघळण्याजोगी होती आणि माझ्या बाटलीवर हसणारे कोणी नव्हते.

खंड्या जातिवंत वगैरे नाही. अस्सल गावठी आहे. चौदा वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नानंतर नवे जोडपे घेऊन आम्ही जेजुरीला गेलो होतो. गड उतरताना एक पिल्लू हिच्या पायांत घोटाळू लागले. अंगावर भंडारा उधळला गेला म्हणून ते पिवळे दिसत होते, की मूळचेच तसे होते, हे तेथे कळेना. मी त्याला दोनदा हुसकले. ही म्हणाली, “अहो, देवाच्या दारचं आहे. नाही म्हणू नका.” खंडोबाच्या पायरीवर उभे राहून खंडोबाच्या कुत्र्याला नाही म्हणण्याचे धैर्य मजजवळ नव्हते. घरी आणून आंघोळ घातली, तेव्हा भंडारा गेला आणि पिल्लू पिवळेच राहिले. दोन महिन्यांनी मुलगा आणि सून अमेरिकेला गेली. घरात आम्ही दोघे आणि हा तिसरा, असा संसार पुन्हा नव्याने सुरू झाला. पाच वर्षांपूर्वी ही गेली. तेव्हापासून आम्ही दोघेच आहोत.

मुलगा दर वर्षी कोणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती एक पुडके पाठवतो. पूर्वी त्यात चॉकलेटे असत, मग माझ्यासाठी लोकरीचे मोजे येऊ लागले, आणि अलीकडे त्यात खंड्याचे डबे असतात. एक सांध्यांसाठी, एक कातडी आणि केस यांसाठी, आणि एक ‘ज्येष्ठ’ कुत्र्यांची बुद्धी तल्लख राहावी म्हणून! रविवारी फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो, “बाबा, खंड्याला गोळ्या देता ना वेळच्या वेळी?” प्रथम मला याचे हसू येई. पुढे पुढे ध्यानात आले, की ‘तुम्ही कसे आहात’ असे सरळ विचारले तर मी ‘ठीक आहे’ असे म्हणून विषय संपवतो, हे त्याला पक्के ठाऊक आहे. खंड्याविषयी मात्र मी दहा मिनिटे बोलतो. त्या दहा मिनिटांत त्याला हवे ते सारे कळत असावे.

टॉनिकावर माझी श्रद्धा नाही असे मी म्हणू शकणार नाही. माझी पिढीच टॉनिकावर वाढली. लहानपणी थंडी पडू लागली की आई आम्हा भावंडांना ओळीने उभे करी आणि प्रत्येकाच्या तोंडात कॉड माशाच्या तेलाचा एक एक चमचा ओती. एरवी ज्या घरात माशाचे नावही निघत नसे, त्या घरात हा चमचा मात्र ‘औषध’ या सदराखाली सुखाने खपून जाई. औषधाला सोवळेओवळे नसते, असे आजी म्हणे. तिच्या त्या वचनाचा आधार मला सत्तरी उलटल्यावर घ्यावा लागला. कारण डब्यावरचा मजकूर वाचून झाल्यावर मी अधिक चौकशी केली, तेव्हा असे समजले, की बाजारात मिळणारे ग्लुकोसामीन बहुतेक कोळंबी आणि खेकडे यांच्या कवचांपासून काढतात आणि कॉन्ड्रॉइटिन हे गायीगुरांच्या किंवा शार्क माशाच्या कूर्च्यापासून. म्हणजे ज्याने जन्मभर अंडेसुद्धा शिवले नाही, तो मी दोन वर्षे नेमाने कोळंबीची टरफले खात होतो, आणि तीही एकादशीला!

कुत्र्याच्या एका वर्षाबरोबर माणसाची सात वर्षे, असा एक हिशेब आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तो खरा नाही. २०२० साली कॅलिफोर्नियातील काही शास्त्रज्ञांनी लॅब्रॉडर कुत्र्यांच्या पेशींत वयाप्रमाणे होणारे बदल माणसांतल्या बदलांशी ताडून पाहिले आणि एक निराळेच सूत्र मांडले. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिथम काढायचा, त्याला सोळाने गुणायचे आणि त्यात एकतीस मिळवायचे. मी चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवले. असले सूत्र हाती आल्यावर मला राहवते थोडेच! लॅब्रॉडरचा नियम गावठीला कितपत लागू पडेल हे सोडून दिले, तर उत्तर असे येते, की एक वर्षाचा कुत्रा हा एकतीस वर्षांचा गृहस्थ असतो. तेरा वर्षांचा बहात्तरचा, आणि चौदा वर्षांचा त्र्याहत्तरचा. खंड्याला चौदावे पुरे झाले आहे. मला त्र्याहत्तरावे. त्याने तारुण्य पहिल्या वर्षातच उरकून टाकले आणि मग पावलांचा वेग कमी करीत करीत तो माझ्याबरोबर येऊन मिळाला. या वयाला त्याचे एक वर्ष म्हणजे माझेही जवळजवळ एकच वर्ष. दोघे आता एकाच चालीने म्हातारे होत आहोत.

आणि म्हणूनच, मला वाटते, मला त्याच्या बाबतीत जे दिसायला हवे होते ते दिसले नाही.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून खंड्या बदलला होता. सकाळी वर्तमानपत्र पडले की तो फाटकापर्यंत धावत जाई, ते त्याने सोडले. मग तो जिन्याखाली उभा राहून वर पाहू लागला, पण वर येईना. फरशीवरून उठताना मागचे पाय घसरत आणि तो पुन्हा बसे. दुपारी शेजारच्यांचे मांजर कुंपणावरून चालत गेले, तरी तो मान उचलून पाही आणि पुन्हा खाली ठेवी. मी याला त्याचा वानप्रस्थ म्हणत असे. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे, “आता त्याला शहाणपण आलंय.” वय झाले की हे असे व्हायचेच, माझे नाही का होत? आणि डब्यातल्या गोळ्या तर नियमाने चालूच होत्या. कर्तव्यात कसूर नव्हती.

गणपतीनंतर एके दिवशी तो उठेचना. तेव्हा रिक्षात घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई अगदी तरुण, माझ्या नातीसारख्या. त्यांनी त्याला आधी खोलीतल्या खोलीत चार पावले चालवून पाहिले. मग खाली बसून त्याच्या मांड्या दोन्ही हातांनी चाचपल्या, खुब्याचा सांधा हलक्या हाताने मागे नेला. खंड्याने आवाज केला नाही. फक्त मान वळवून त्यांचा हात चाटला.

“काका, हा किती दिवस दुखणं काढतोय?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “दुखतंय असं काही नाही. कधी विव्हळला नाही. वय झालंय त्याचं.”

त्या म्हणाल्या, “कुत्री विव्हळत नाहीत, काका. ती कामं सोडून देतात. फाटकाशी जाणं सोडलं, जिना सोडला, हे तुम्हीच सांगितलंत ना? तेच त्याचं विव्हळणं. आणि वय हा काही रोग नव्हे.”

मग त्यांनी त्याच्या मांडीवर माझा हात ठेवून दाखवले. वरून पाहता तो गोलमटोल होता, पण मागच्या मांड्यांचे मांस सरून गेले होते. हाताला हाड लागत होते. वजन सव्वीस किलो भरले. पाच किलो तरी कमी झाले पाहिजे, असे त्या म्हणाल्या. मी डब्यांची यादी वाचून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. त्यांनी नावे ठेवली नाहीत. पण त्यानंतर जे सांगितले, आणि पुढे घरी बसून मी जे वाचले, ते थोडक्यात असे.

पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या डब्यावर ‘बरे करते’ असे कोठेही लिहिलेले नसते. ‘सांध्यांना आधार देते’ असे लिहिलेले असते. आधार किती, आणि कसा, हे औषधाला जसे सिद्ध करून दाखवावे लागते, तसे या गोळ्यांना दाखवावे लागत नाही. ग्लुकोसामीनवर माणसांत एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली, तिचा निकाल २००६ साली आला. एकंदर रोग्यांत ते नुसत्या साखरेच्या गोळीहून विशेष सरस ठरले नाही. कुत्र्यांवरचे प्रयोग कोठे थोडे अनुकूल, कोठे प्रतिकूल. २०२२ साली कॅनडातील संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन यांच्या पदरात जवळजवळ काही पडले नाही. माशाच्या तेलातील ओमेगा-३ या स्निग्धांशांच्या पदरात मात्र पडले. त्याने सांध्याची सूज काहीशी उतरते. पण तेही मापाने, वजनाप्रमाणे. जास्त झाले तर पोट बिघडते. आणि माझ्या आईचे ते कॉड माशाच्या यकृताचे तेल येथे चालत नाही, कारण त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे भरपूर असतात, आणि ड जीवनसत्त्व बेताबाहेर गेले तर कुत्र्याच्या जिवावर बेतते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही खंड्याला मी कौतुकाने देत होतो. ते कुत्र्याचे यकृत स्वतःच तयार करते. या बाबतीत तो आपल्याहून समर्थ आहे. लिंबासाठी तो कोणावर अवलंबून नाही.

सगळ्यांत मोठे टॉनिक कोणते, तर कमी खाणे! हे वाचून मला प्रथम राग आला. अठ्ठेचाळीस लॅब्रॉडर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतील एकाला दुसऱ्याच्या तीन चतुर्थांश एवढेच अन्न जन्मभर दिले, असा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, आणि त्यांचे सांधेही पुष्कळ उशिरा धरले. आणि खंड्याला मी रोज काय देत होतो? सकाळी तूप लावलेली पोळी, दुपारी दूधभात, चहाबरोबर बिस्किटे, आणि त्यावर सांध्यांची गोळी. एका हाताने मी त्याच्या खुब्यांवर पाच किलोंचे ओझे ठेवीत होतो आणि दुसऱ्या हाताने त्या खुब्यांना आधार देत होतो.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहेत याची खात्री करून घेतली आणि वेदनेवरची गोळी लिहून दिली. “घरातली तुमची गोळी कधी देऊ नका हं, काका. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्री दगावतात,” असे बजावले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे. मी तर त्याची गोळी खाल्ली होती, त्याने माझी नव्हे.

पाचव्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र पडले. मी चहा गाळीत होतो. बाहेर नखांचा आवाज झाला. जाऊन पाहतो तो खंड्या फाटकाशी उभा, शेपूट हालते आहे, आणि ‘इतके दिवस हे कोणी उचलले?’ अशा नजरेने माझ्याकडे पाहतो आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण पाठोपाठ असे वाटले, की चार महिने! चार महिने हा माझ्या पायांशी पडून होता, आणि मी त्याच्या दुखण्याला शहाणपण म्हणत होतो.

येथे मला हिच्याविषयी लिहिले पाहिजे. तिच्या शेवटच्या वर्षात ती जिना चढताना मध्येच थांबू लागली होती. कठड्याला हात लावून उभी राही आणि मी मागून येतो आहे असे पाहिले की पदर सावरल्यासारखे करी. मी म्हणालो, “वय झालं आता आपलं.” आणि दुसऱ्या दिवशी लोहाच्या टॉनिकाची बाटली घेऊन आलो. ती संपली तेव्हा दुसरी आणली. मग च्यवनप्राश, मग कोणी सांगितले म्हणून आणखी एक. ती प्रत्येक बाटली नियमाने संपवी. संपली की गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून फडताळात ठेवी. ‘गुण येतोय का?’ असे मी विचारी, आणि ती ‘येतोय की’ असे म्हणे. ‘कुठे दुखतंय?’ असे मी कधी विचारले नाही. डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी माझे समाधान व्हावे म्हणूनही असेल, पण सांगितले, की आधी आला असतात तरी फारसे वेगळे झाले नसते. नसेल झाले. पण चार महिने तिचे दुखणे थोडे तरी हलके झाले असते. निदान मी विचारले आहे, एवढे तिला कळले असते.

टॉनिक हे पुष्कळदा देणाऱ्यासाठीच असते. आपल्या माणसाचे काहीतरी कमी होत चालले आहे हे दिसते, काय ते विचारायचे धैर्य नसते. तेव्हा आपण बाटली आणतो. बाटली हातात ठेवली की आपले काम झाले असे वाटते. घेणाराही ते ओळखून असतो आणि आपल्यासाठी ते घोट घेतो. मी हे तुच्छतेने म्हणत नाही. माझा मुलगा सात समुद्रांपलीकडून डबे पाठवतो ते याच मायेने पाठवतो, आणि ते आले नाहीत तर मला चुकल्यासारखे होईल. पण डबा हा प्रश्नाच्या जागी ठेवायचा नसतो, एवढे मला फार उशिरा, आणि एका कुत्र्याकडून, कळले.

आता आमचा दिनक्रम असा आहे. खंड्याला दोन वेळा मोजून खाणे. त्यात प्रथिनांना काट नाही, कारण निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याचे मांस टिकायला ती उलट जास्तच लागतात. माशाचे तेल डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिले तेवढे. घरभर घसरत्या फरशीवर मी तागाची बसकरे अंथरली आहेत. चार डब्यांच्या किमतीत सारे घर झाले, आणि डब्यांनी न दिलेला आधार त्यांनी दिला. सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे चालणे. त्याचे साडेचार किलो उतरले. बिस्किटे बंद झाल्यामुळे माझेही दोन उतरले. माझ्या बाटलीविषयी माझ्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “घ्यायची तर घ्या.” मी ती संपल्यावर नवी आणली नाही.

सगळे परत आले असे मात्र नाही. रात्री कधी कधी तो दाराशी जाऊन उभा राहतो, पण कडीच्या बाजूला नव्हे, बिजागरीच्या बाजूला. आणि ते दार तिकडून उघडेल म्हणून वाट पाहतो. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही माणसाच्या विस्मरणाच्या रोगातल्यासारखीच किटे साठतात, असे म्हणतात. त्यावरही काही आहार निघाले आहेत, आणि बीगल कुत्र्यांवरच्या प्रयोगांत त्यांचा थोडा उपयोगही दिसला आहे. आम्ही तोही चालू केला आहे. पण रात्री तो तसा उभा असला की मी उठतो, त्याच्या गळपट्ट्याला हात लावून त्याला दुसऱ्या बाजूला आणतो आणि दार उघडतो. मीही हल्ली स्वयंपाकघरात जातो आणि कशासाठी आलो ते आठवत उभा राहतो. मला फिरवून योग्य बाजूला उभे करणारे कोणी नाही, एवढाच फरक.

युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा हिमालय चढून गेला. भाऊ पडले, द्रौपदी पडली, तो मात्र चालत राहिला. त्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसायला धर्मराजाने नकार दिला, याचे आपल्याला केवढे कौतुक! इतकी चढण चढून त्या कुत्र्याचे खुबे कसे होते, हे मात्र कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

दिवाळी हा खंड्याच्या वर्षातला सर्वांत वाईट काळ असे. पहिला फटाका वाजला की तो हिच्या खाटेखाली शिरे आणि थरथर कापत राही. ही खाटेवरून हात खाली सोडून त्याच्या डोक्यावर ठेवी, आणि दोघे तशीच रात्र काढीत. गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या पहाटे मी उठलो. नेपाळात या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून, गळ्यात फुलांच्या माळा घालून त्यांची पूजा करतात, हे मला ठाऊक होते. आमच्याकडे तशी रीत नाही. अंगाला लावायला तेल काढले. ते हिने धुऊन ठेवलेल्या टॉनिकाच्या एका बाटलीत असते. पाटावर बसून मी गुडघे चोळू लागलो. एवढ्यात समोरच्या वाड्यात एक मोठा ॲटमबाँब वाजला. माझ्या हातून बाटली निसटतानिसटता राहिली. मी घाईने खंड्याकडे पाहिले.

तो बसकरावर आडवा झाला होता. त्याने कानही हलवला नाही. तेव्हा मला समजले, की त्याला आता ऐकू येत नाही.

केव्हापासून, ते मला ठाऊक नाही. हेही माझ्या लक्षात आले नव्हते. मी त्याला हाका मारीत होतो, आणि तो माझ्या तोंडाकडे पाहून येत होता. मी उठलो, त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि त्याला दचकायला होऊ नये म्हणून आधी हात त्याच्या नाकाशी धरला. त्याने डोळे उघडले. मग तेलाच्याच हाताने मी त्याच्या मागच्या मांड्या चाचपून पाहिल्या, डॉक्टरीणबाईंनी दाखवल्याप्रमाणे. डाव्या बाजूला जरा जपून.

“इथे दुखतंय का?” मी विचारले. त्याला ऐकू येणार नव्हते. पण विचारले.